ओळ ११४२, रकाना ८०७

फोटो नाही तो.
नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगते,
पर्वरीच्या ऑफिसात, एसीखाली स्वेटर घालून:
फोटो नाही, आकड्यांची वही आहे.
ऊन खाली येतं, वस्तूला लागतं,
थोडं ती गिळते, थोडं परत करते,
आणि पावणेआठशे किलोमीटर वरून कुणीतरी
ते परत आलेलं मोजून चौकोनात लिहितं.
एक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटर.
कोण किती गिळतं, त्यावरून ओळख पटते.

पाणी अवरक्त किरण जवळपास सगळे गिळतं,
म्हणून मांडवी पडद्यावर काळी.
पान ते परत फेकतं. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही,
तर आम्ही त्याला लाल रंग उसना देतो.
चोडणची खारफुटी गडद लाल, भाताचे मळे फिके,
डिचोलीच्या खाणी हिरवट.
एकदा एक साहेब खाणीवर बोट ठेवून म्हणाले,
वा, इथली झाडी बरी राखली आहे.

जूनपासून चार महिने नुसते ढग,
आणि ढगांच्या सावल्या, ज्या पाण्यासारख्याच काळ्या.
नोव्हेंबरात एक स्वच्छ सकाळ मिळाली.
सगळे आकडे चाळीस ते नव्वदमध्ये दाटीवाटीने बसलेले.
मी दोन्ही टोकं धरून ताणले,
शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत,
तेव्हा कुठे बांध बांधासारखा दिसू लागला.
मग नमुने आखले: हे पाणी, हे शेत, ही खारफुटी.
बाकीचे लाखभर चौकोन यंत्राने आपापल्या घरी पोचवले.

ओळ ११४२, रकाना ८०७: पाणी.

पडताळणी म्हणून रायबंदरहून फेरीने गेले.
जीपीएस, पाठीला पुठ्ठा लावलेले कागद, पाण्याची बाटली.
बांधावर कैतान गुडघाभर चिखलात,
कुर्ल्यांनी पाडलेली भोकं बुजवत होता.
मी विचारलं, इथं पाणी कधीपासून?
तो सरळही झाला नाही.
"हें उदक न्हय बाय. हें म्हजें शेत."

कोरगुट पेरलं होतं.
ऑगस्टातल्या मोठ्या भरतीला मानशीजवळ बांध फुटला,
आता खारं पाणी येतं, जातं,
ओहोटीला खालून चिखल वर येतो.
मी समजावलं, उपग्रह सकाळी पावणेअकराला जातो,
त्या दिवशी त्या वेळी भरती असणार.
मग त्याला म्हणावं, दुपारी ये.

येत नाही तो दुपारी.
त्याचं घड्याळ सूर्याला बांधलेलं,
भरतीचं चंद्राला. ती रोज पाऊणेक तास सरकते.
परतल्यावर अकरा तारखांची चित्रं काढली:
सात वेळा पाणी, चार वेळा चिखल.
एकदाही शेत नाही.
आमच्याकडे चुकांचा एक तक्ता असतो.
आडव्या ओळीत "शेत", उभ्या रकान्यात "पाणी",
तिथं एक काडी वाढवली.
एकूण अचूकता एक्क्याण्णव टक्के. अहवाल मंजूर.

निघताना त्याने विचारलं होतं, मी दिसतो का त्यात?
मी हिशेब सांगितला.
शंभर चौरस मीटरमध्ये एकच आकडा,
त्यात तुम्ही वाकलेले असाल तर अर्धा मीटर, फार तर.
माणूस वेगळा निघत नाही, सरासरीत मिसळतो.
आणि ही टाकलेली माती?
ती पण मिसळते, म्हटलं. पण आकडा हलतो.
किती?
मला तेव्हा सांगता आलं नाही.

काल फेब्रुवारीचं चित्र आलं.
८०७ चा अवरक्त नऊ होता, चौदा झालाय.
धुकं असेल. सूर्याचा कोन बदललाय. ओहोटी असेल.
शेजारच्या आठ चौकोनांचा मध्यक घेऊन
असले खडे गुळगुळीत करायचे असतात,
प्रज्योतला मीच शिकवलंय, एका क्लिकचं काम.

तो मागे उभा राहून वाट बघत होता.
मी म्हटलं, जेवून ये.
आणि तेवढा एक खडा तसाच ठेवला.